मिरीची उजवी बाजू

३ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

पत्र लिहायला काहीतरी निमित्त लागतं. माझ्याकडे आहे: गाजर. घोड्याला एका वेळी गाजराचा केवढा तुकडा द्यावा? बोटाएवढा की नखाएवढा? तुझ्या दादाला विचारलं तर तो "कशाला?" म्हणेल, आणि ते कशाला, हे मला त्याला इतक्यात सांगायचं नाही.

पत्र फाडायच्या आत एवढं वाच. तुझ्या खुब्याची चौकशी करत नाही. तिकीटखिडकीवर दिवसभर बसून तो दुखतो का, तेही विचारत नाही. तो हक्क मी आठ महिन्यांपूर्वी दवाखान्यात घालवून बसले. फक्त गाजराचं सांग.

झालं असं, की वाचनालयात परत आलेल्या पुस्तकांत एक भलतंच पुस्तक हाती लागलं. पुस्तक जागेवर लावायच्या आधी चाळायची माझी खोड तुला ठाऊक आहे. घोड्याला चाबूक न दाखवता, एका आवाजानं शिकवायचं. आवाज कसला, तर 'टक'. घोड्यानं हवं ते केलं की त्याच क्षणी टक, आणि टक झालं की खाऊ. टक म्हणजे शब्द दिल्यासारखं. चुकून वाजलं तरी खाऊ द्यायचाच. त्यासाठी बोटानं दाबायची एक डबी मिळते म्हणे. मला काही मिळाली नाही. पण जॅमच्या बाटलीचं पत्र्याचं झाकण मधोमध दाबलं की हुबेहूब तसाच आवाज येतो. त्यासाठी आठवड्यात दोन बाटल्या संपवल्या. तुझा दादा खूश आहे.

पुस्तक म्हणतं, घोड्यापाशी जाण्याआधी आपला हात तयार करा. चेंडू उडवायचा आणि तो जमिनीला टेकेल त्याच क्षणी टक करायचं. सोपं वाटतं ना? पहिल्या दिवशी चेंडू टेकला, उसळला, माझ्या गुडघ्याला लागून कोपऱ्यात गेला, तरी माझं टक व्हायचंच होतं. मला मोठी गंमत वाटली. डोळ्याचं पातं लवतं तेवढ्या वेळात इतकं काही होऊन जातं, आणि आपण खुशाल म्हणतो, मी बघितलं.

घोडा कुणाचा, विचारशील. आहे एक घोडी, ओळखीतली.

वहिनी

ता. क. तू नऊ वर्षांची होतीस, पुढचे दोन दात पडलेले, आणि सासूबाईंनी मला पहिल्याच दिवशी बजावलं, हिला वन्सं म्हणायचं. हसू दाबून म्हटलं, ते सतरा वर्षं तोंडात बसलं. आता नको असेल तर तसं कळव.


११ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

उत्तर आलं नाही. मी नखाएवढा तुकडा धरून चालले आहे.

तुला एव्हाना कळलंच असेल, ओळखीतली घोडी म्हणजे कोण. मिरी. ती गेलेली नाही. "ती माझ्या डोळ्यांसमोर नको" असं म्हणून तू घर सोडून गेलीस, दादा म्हणाला विकतो, आणि मग तिला कुणी घेईना. कारण ती चावते. आपले मोतद्दारकाका, ज्यांनी तुला पहिल्यांदा घोड्यावर बसवलं, ते तिचा खरारा करायला ठाणात शिरले आणि तिनं त्यांचा खांदा धरला. तीस वर्षं घोड्यांची निगा राखणारा माणूस, पण त्यांनी हात टेकले. तेव्हापासून तिची चंदी, गवत, पाणी सगळं दादा बघतो, हातात काठी घेऊन. पंधरा मार्चला घोड्यांचा व्यापारी येणार आहे. तो घोडे कुठे नेतो हे कुणी विचारत नाही, आणि तो सांगत नाही.

म्हणून मी झाकण घेऊन उभी राहिले. शौर्य वगैरे काही नाही, फाटकाच्या अलीकडे उभी राहिले. पुस्तकातही तसंच लिहिलंय: सुरुवातीला मध्ये फाटक असू द्या. (पुस्तक लिहिणारी बाई माझ्यासारखीच भित्री असावी.)

पहिला धडा ऐक. घोडीनं खिशाशी तोंड आणलं तर काही द्यायचं नाही. हलायचं नाही, ओरडायचं नाही, नुसतं उभं राहायचं. ती कंटाळून तोंड बाजूला करील, त्या क्षणी टक आणि गाजर. म्हणजे न मागितल्याबद्दल गाजर! मिरीनं माझा खिसा हुंगला, बाही ओढली, फाटकाला लाथ मारली. मी खांबासारखी उभी. मग तिनं एक उसासा टाकला आणि मान समोर केली. टक. हात लांब करून, तळवा सपाट धरून गाजर दिलं. तिनं ते खाल्लं आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच काहीतरी करून दाखवलं होतं. सहाव्या वेळी ती मुद्दाम मान समोर करून, कान माझ्याकडे लावून, टक व्हायची वाट बघत उभी. वन्सं, ती विचार करताना दिसते गं! ओठ हलतो तिचा.

दादानं बघितलंच शेवटी. म्हणाला, "लोक गाढवापुढे गीता वाचतात, तू घोडीपुढे झाकण वाजव." पण काठी भिंतीला टेकवून तो पाच मिनिटं उभा होता. मी घड्याळात बघितलं.

वहिनी


२० फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

मी कोड्यात पडले आहे. तुझ्याखेरीज सांगू कुणाला?

पुढचा धडा असा: काठीच्या टोकाला पिवळा चेंडू बसवायचा आणि घोडीसमोर धरायचा. तिनं नाकानं शिवला की टक. मिरी हे चार मिनिटांत शिकली. चेंडू वर धरला तरी शिवते, जमिनीवर ठेवला तरी शिवते. मी फाटकाच्या अलीकडून चालत गेले तर पलीकडून मागोमाग येऊन शिवते. मोतद्दारकाका लांबून म्हणाले, "ही चावरी आमची? ही तर शाळेतली मुलगी झाली."

कोडं पुढे आहे. वाचनालयातून रद्द झालेल्या पुस्तकांची कार्डं मी घरी आणते, मागची बाजू कोरी असते. त्यावर मी सगळं टिपून ठेवते. गेल्या आठ दिवसांत चेंडू तिच्या डाव्या बाजूला चाळीस वेळा धरला. अडतीस वेळा शिवला. उजव्या बाजूला चाळीस वेळा धरला. तीन वेळा.

तीन! आणि त्या तिन्ही वेळा तिनं अख्खी मान वळवून, शोधत शोधत शिवला.

आधी वाटलं, माझा उजवा हात वाईट. हात बदलला. मग वाटलं, त्या बाजूनं ऊन डोळ्यावर येतं. वेळ बदलली. मग तिचं तोंड दुसऱ्या दिशेला करून उभं केलं, म्हणजे तिची उजवी बाजू भिंतीऐवजी अंगणाकडे आली. तर ती उभीच राहीना! वळून पुन्हा उजवं अंग भिंतीला लावून उभी. तीनदा केलं, तीनदा तेच. काका म्हणाले, "हट्टी आहे, दुसरं काय." पण हट्टी असती तर डावीकडे अडतीस वेळा कशाला शिवला असता?

अजून एक. चेंडू उजवीकडे नेला की तिचा कान वळतो. डोळा वळत नाही.

तू सहा वर्षं तिच्या पाठीवर बसलीस. तुला कधी असं जाणवलं होतं का? आता पत्राला उत्तर नको देऊस हवं तर, नुसतं हो किंवा नाही लिहून पाठव.

वहिनी


२७ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

तुझं 'हो' मिळालं. पोस्टकार्डावर एक अक्षर. बाकी कार्ड कोरं. मी ते उलटंसुलटं करून चारदा वाचलं.

आता पुढचं ऐक. मी रुमाल घेतला आणि तिच्या उजव्या डोळ्यासमोर हलवला. तिनं मान झटकली. म्हणजे दिसतं! मी खट्टू झाले. घोडीला दिसतंय, आणि मी खट्टू, का तर माझा तर्क बुडाला. माणूस किती विचित्र असतो बघ.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात एका पुस्तकाला प्लॅस्टिकचं पारदर्शक वेष्टण घालत होते आणि हात थांबला. रुमालाचा वारा! तिनं रुमाल बघितलाच नसेल, वारा लागला असेल. त्या प्लॅस्टिकचा एक तुकडा पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवला. तीन दिवस नुसती चौकट डोळ्याजवळ नेली, टक, गाजर, म्हणजे तिला तिची भीती राहू नये. काल तिच्या डाव्या डोळ्यासमोर चौकट धरली आणि पलीकडून बोट आणलं. पापणी मिटली. दहा वेळा केलं, दहा वेळा मिटली. मग उजवीकडे. बोट पार प्लॅस्टिकला टेकेपर्यंत आणलं. पापणी हलली नाही. दहा वेळा केलं. मग मोतद्दारकाकांनी केलं. मग त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, "मी त्या बाजूनंच शिरलो होतो गं, न बोलता."

मिरीला उजव्या डोळ्यानं दिसत नाही. आणि लीद उचलायची हातगाडी त्या दिवशी वळणावर उजव्या हाताला होती. तिला ती अंगाला लागेपर्यंत कळलीच नाही, आणि लागल्यावर ती डावीकडे उडाली, आणि तू पडलीस. तू लगाम ओढून तिला बिथरवलं नव्हतंस. तू हेच सांगत होतीस, शुद्धीवर आल्यापासून.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला तीन आठवडे आणि चार पत्रं लागली. नमनाला घडाभर तेल झालं.

दवाखान्यात दादानं मला विचारलं, "तू कुंपणाशी होतीस. ओढला ना हिनं लगाम?" तू माझ्याकडे बघत होतीस. मी मान हलवली. हो म्हणून.

मी काही बघितलं नव्हतं. मी डोळे मिटले होते. घोडा भरधाव निघाला की मी डोळे मिटते. लग्न झाल्यापासून मिटते. तबेलेवाल्याची बायको आणि घोड्याला भिते, हे घोडेस्वारी शिकायला येणारे सहा शागिर्द आणि नर्स यांच्यासमोर सांगायची मला लाज वाटली. तेवढ्या लाजेपायी तुझं घर सुटलं.

आणि हेही. तू पडायच्या दोन महिने आधी तिचा उजवा डोळा पाण्यानं भरलेला मी बघितला होता. दादाला म्हटलंही. तो म्हणाला, "माशा बसतात. तू तुझी पुस्तकं बघ." मला राग आला आणि मी ठरवलं, बरं, बघते पुस्तकं. तुला सांगायला हवं होतं. मी फुगून बसले.

माफी मागत नाही. आता मागणं म्हणजे वरातीमागून घोडं. नुसतं खरं काय ते कळवते.

वहिनी


६ मार्च

प्रिय वन्सं,

जनावरांच्या डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. त्यांनी मिरीच्या डोळ्यात बारीक उजेड टाकून बराच वेळ बघितलं. डोळ्याच्या आत पुन्हा पुन्हा सूज येऊन गेली आहे. बाहेरून नुसतं पाणी दिसतं, आत भिंग गढूळ होत जातं. "हा डोळा वर्षभर तरी गेलेला असावा," म्हणाल्या. डावा आज चांगला आहे. मलम दिलंय. मी प्लॅस्टिकची चौकट दाखवली तर म्हणाल्या, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, घोडीनं.

दादा चंदीच्या उपड्या बादलीवर बसून ऐकत होता. बाई गेल्यावर मी त्याला माझं सांगितलं. तुला लिहिलं तेच, तबेल्यात उभी राहून.

तो म्हणाला, "म्हणजे माझ्याकडे एकही साक्षीदार नव्हता."

"नव्हता."

"तुझ्या एका मानेवर मी तिला बोललो ते बोललो."

"तुम्ही 'ओढला ना' असं विचारलंत. 'काय दिसलं' असं विचारलं असतंत तर..."

"तर?"

खरं तेच बोलायचं ठरवलं होतं. म्हटलं, "तर तेव्हाही बहुतेक मी खोटंच बोलले असते."

तो उठून गेला. चार दिवस हेच: जेवायला बसायचा, ताट उचलून विसळून ठेवायचा आणि जायचा. मीही मनवायला गेले नाही. घोडीपाशी एवढं शिकले आहे, की समोरचा विचार करत असेल तर त्याला करू द्यावा.

पाचव्या दिवशी सकाळचे शागिर्द रिंगणात आले. दादा मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, "गेल्या वर्षी माझी बहीण इथं पडली. तिनं लगाम ओढला नव्हता. मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो, मी चुकलो." सहापैकी चार मुलं या वर्षी नवीन आलेली. त्यांना ओ का ठो कळलं नाही. एकीनं हात वर करून विचारलं, "सर, मग आज लगाम ओढायचा की नाही?" मोतद्दारकाका तोंड फिरवून खोकायला लागले.

व्यापाऱ्याला येऊ नका म्हणून कळवलं आहे. मिरी इथंच राहील.

वहिनी


१७ मार्च

प्रिय वन्सं,

तुझा कागद मिळाला. मायना नाही, सही नाही, चार प्रश्न. उत्तरं देते.

एक. उजवीकडून जाताना तिला आधी आवाज देतो का? देतो. मी आणि काका 'उजवीकडे' असं म्हणतो आणि मगच हात लावतो. शब्द ऐकून ती थोडी आवरून उभी राहिली की टक. गेल्या नऊ दिवसांत कुणाला चावली नाही. काल काकांनी तिचा उजवीकडून खरारा केला. अर्ध्यातच हात थांबवून बाहेर आले आणि म्हणाले, डोळ्यात धूळ गेली.

दोन. तिच्या तोंडात लगामाचं लोखंड कोणतं घालतो? कोणतंच नाही. तिच्यावर कुणी बसलेलं नाही, आणि बसणार की नाही ते तू ठरव. ती तुझी घोडी आहे.

तीन. डावा डोळा किती दिवस टिकेल? माहीत नाही. डॉक्टरीणबाईंनाही माहीत नाही. आयुष्यभर टिकेल किंवा दोन वर्षांत जाईल. म्हणून मी विचार करते आहे, की दिसतंय तोवरच तिला शब्द शिकवावेत: पायरी, थांब, डावीकडे, दार. चेंडूऐवजी खडे घातलेला डबा वाजवला तर ती आवाजामागे येईल का? पुस्तकात यावर एक ओळही नाही. शेवटची पानं दोनदा उलटून बघितली.

चार. मी हे सगळं का करते? आधी वाटलं होतं, तुझ्यासाठी. खरं सांगायचं तर पहिल्या आठवड्यानंतर ते कारण मागे पडलं. ती काय करील हे बघायची मला सकाळी इतकी उत्सुकता असते, की मी चप्पल उलटी घालून धावते. हे तुला आवडणार नाही कदाचित. पण तू विचारलंस.

वहिनी


३१ मार्च

प्रिय वन्सं,

काल तू आलीस. तू घरात आली नाहीस, सरळ तबेल्याकडे गेलीस, आणि मी चहा तिकडेच आणला ते बरं केलं ना? ओसरीपर्यंत ये म्हणायचं माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं.

मिरीनं तुझा आवाज ऐकून जे केलं ते तू बघितलंस, मी वेगळं लिहीत नाही. आणि तू काठी टेकून खाली बसलीस, डबा वाजवलास, आणि ती आवाजाकडे आली. पण तिचा कान आधी वळला की पाऊल आधी उचललं, यावर आपलं भांडण मिटलेलं नाही. मी अजून म्हणते, पाऊल.

निघताना तू मला कुंपणाशी नेलंस. "त्या दिवशी नेमकी कुठे उभी होतीस?" मी जागा दाखवली. तू तिथे उभी राहिलीस, रिंगणाकडे बघितलंस आणि म्हणालीस, "इथून वळण दिसतच नाही, वहिनी. पाण्याची टाकी आड येते. डोळे उघडे असते तरी तुला काही दिसलं नसतं." मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. मग तू म्हणालीस, "आणि तरी तू मान हलवलीस." तू बसची वेळ झाली म्हणालीस. मी तुझ्यासाठी बांधलेल्या खाऊची पिशवी पुढे केली, ती तू घेतलीस. तेवढं मला पुरलं.

दादाशी तू चारच वाक्यं बोललीस, तीही मलमाबद्दल. त्याला वाटलं होतं तू ओरडशील. त्यानं काय काय उत्तर द्यायचं ते पाठ करून ठेवलं होतं, आणि त्यातलं एकही लागलं नाही, म्हणून तो दिवसभर अस्वस्थ होता.

आता तुला ठाऊक नसलेलं सांगते. आज सकाळी मी गाजरं चिरून तबेल्यात गेले, तर तुझा दादा आधीच तिथे. काठी नव्हती हातात. तो मिरीच्या उजव्या बाजूला, दोन हात अंतरावर उभा होता. पुढे जायचं तर आधी बोलायला हवं, आणि घोड्याला हुकूम सोडून दुसरं काय बोलतात, ते त्याला सुचत नव्हतं. त्यानं घसा खाकरला. एक पाय पुढे टाकला, मागे घेतला. मिरीचा कान त्याच्याकडे लागलेला. मी दाराआड थांबले, झाकण मुठीत घट्ट धरून, की चुकून वाजायला नको.

शेवटी तो म्हणाला, इतक्या हळू की मी त्याचा तो आवाज सतरा वर्षांत ऐकला नव्हता: "मी आहे गं. उजवीकडून येतोय."

तिनं अंग चोरलं नाही, बाजूला सरली नाही. त्यानं तिच्या मानेवर हात ठेवला, आणि बराच वेळ काढला नाही.

वहिनी